शून्य नंबरची विहीर

तालुक्यातलं पाणी एका दुपारीत पंधरा सेंटिमीटर वर आलं होतं.

पाऊस नव्हता, काही नव्हतं. आनंदीने फक्त ऑफिसातून निवृत्त झालेल्या मैनुद्दीन सरांचा सदतीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम सी भाषेतून आर भाषेत उतरवला होता. त्याच विहिरी, तेच आकडे, आणि पाण्याची सरासरी खोली सहा मीटर चाळीसची सहा पंचवीस. उद्या सकाळी काम ऑफिसात द्यायचं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन वारज्याला सरांच्या घरी आली होती. सर हल्ली थकले होते, पण दुसऱ्याची चूक समोर आली की त्यांची तब्येत सुधारायची.

“विहिरी एक्केचाळीस आहेत, सर. आपल्या यादीत बेचाळीस निघाल्या. सगळ्यांच्या वर एक जास्तीची. नाव नाही, गाव नाही. खोली शून्य.”

डोक्यावर पंखा खडखडत होता.

“शून्य म्हणजे काठोकाठ,” सर म्हणाले. “माझ्या गावची विहीर. गावासकट धरणात गेली. आता तिच्यावर किती पुरुष खोल पाणी आहे ते कोण मोजणार?”

“पण सर, सरकारी प्रोग्रॅममध्ये...”

“बेरजेत कुठे धरली होती? मोजणी एकपासून सुरू केली. सीमध्ये शून्याचा कप्पा असतोच, तो मोकळा पडला होता. त्यात तिला बसवली. कुणाची अडवणूक केली?”

“आरमध्ये तो कप्पाच नसतो. पहिलाच कप्पा एक नंबरचा. ती सरकून तिथे आली आणि बेरजेत शिरली.” आनंदी घुटमळली. “तेवढी काढली की उत्तर जुळेल.”

“काढ. दुसऱ्यांदा उठवलं म्हणायचं.”

आनंदीला फार वाईट वाटलं. तिने कीबोर्डच्या कळीवरचं बोट मागे घेतलं.

सरांनी डोळे मिटले होते. खिडकीतलं ऊन टेबलावरून हळूहळू सरकत होतं. “वाकून साद घातली की दोनदा परत यायची,” ते कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगत असल्यासारखे म्हणाले. “आधी माझा आवाज. मग जरा मोठ्या माणसाचा. आईला खरं वाटायचं नाही.”

“सर, इथे कप्प्याला नाव देता येतं.”

“नाव?”

“नंबराऐवजी. काय लिहू?”

“साळशेत,” सर म्हणाले. किती तरी दिवसांनी उच्चारल्यासारखं सावकाश म्हणाले.

तिने लिहिलं. पुढे शून्य तसंच ठेवलं, आणि खाली एक ओळ घातली: साळशेत सोडून बाकीच्यांची सरासरी. उत्तर आलं सहा चाळीस.

“उद्या साहेब विचारतील, ही कुठली विहीर?”

“विचारू देत,” आनंदी म्हणाली. “सांगेन की भरलेली आहे.”

सरांनी चष्मा काढून ठेवला. टेबलाच्या दोन्ही कडा धरून ते उजळलेल्या पडद्यावर वाकले. इतके खाली, की पांढरी दाढी कळांना टेकली. मग अगदी हलकेच त्यांनी साद घातली, “ओ...”

आनंदीने उठून पंखा बंद केला.