मोरव्याची वेळ

भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी होती. एक मोरव्याचं, दुसरं मँचेस्टरचं. दुसरं भूपेशने परदेशी जाताना लावून दिलं होतं, आईने अवेळी फोन करू नये म्हणून. वैजयंताबाई त्या घड्याळाकडे नीट बघायच्या आणि मग वाटेल तेव्हा फोन करायच्या.

आत्ता मोरव्यात दिवेलागण झाली होती आणि चंद्राला ग्रहण लागलं होतं. मँचेस्टरला भर दुपार होती. फोनच्या पडद्यावर त्यांची सून ऋतिका दिसत होती. सातवा महिना, मांडीवर खिडकीतलं ऊन, समोर टेबलावर एक सफरचंद आणि सुरी.

"ती सुरी आधी लांब ठेव," बाई म्हणाल्या. "ग्रहण सुटेपर्यंत कापायचं न्हाय, खायचं न्हाय, जागचं हलायचं न्हाय."

"आई, इथे आकाशात चंद्रच नाहीये. ग्रहण इथे दिसणारही नाही. आणि डॉक्टर म्हणालेत, उपाशी राहू नका."

"डॉक्टर तिथला हाय. पोर मोरव्याचं हाय. मोरव्याला लागलं म्हंजे त्याला लागलं."

पृथ्वी गोल असली तरी सासूपुढे तिला सपाट व्हावं लागतं. ऋतिकाने सुरी जराशी बाजूला सरकवली. तेवढ्यात तिला बाईंच्या मागे, स्वयंपाकघरात, कामाला येणारी नीलम दिसली. नीलम विळीवर कोबी चिरत होती. पोट आड येत असल्यामुळे तिला नीट वाकता येत नव्हतं. ग्रहण सुटल्यावर आंघोळी करून सगळ्यांना लगेच गरम जेवायचं होतं, म्हणून भाजी आधीच तयार हवी होती.

"आई, नीलमलाही सातवाच आहे ना?"

बाईंनी फोन जरासा वळवला. पडद्यावर नीलमच्या जागी देव्हारा आला.

"त्यांच्यात पाळत न्हाईत."

"तिला विचारलंत?"

विचारायची गरजच नव्हती. नीलमने सकाळीच सांगितलं होतं, "काकी, संध्याकाळी नको येऊ का? आमच्यात नाही पाळत, पण माझं पहिलं गेलं ना. भीती वाटते." भीती वाटायलाही माणसाची ऐपत लागते. बाईंनी तिला वेळेवर यायला बजावलं होतं.

ऋतिकाने सुरी उचलली. "नीलम बसली तर मी बसते. नाहीतर हे आत्ता कापते."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "ठेव गो ती! नीलम, ए नीलम, सोड ती विळी. इथं येऊन बस."

नीलमने विळी आडवी केली आणि पडद्यात दिसेल अशी भिंतीला टेकून बसली. दोन्ही हात आपोआप पोटावर गेले. कितीतरी वेळाने तिने पाठ सैल सोडली.

"ताई, तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं.

"नाही. आता सुटल्यावरच. आपण दोघी एकदमच जेवू," ऋतिका म्हणाली आणि सुरी ड्रॉवरमध्ये टाकून तिने तो बंद केला. नीलम हसली.

"बरं, आता देवाचं नाव घेत बस. बोलू नको कुणाशी," असं म्हणून बाईंनी फोन बंद केला आणि देव्हाऱ्यापाशी पालथा ठेवला.

"ऊठ," त्या नीलमला म्हणाल्या. "अर्धा गड्डा राहिलाय."

नीलम भिंतीला हात टेकत उठली. विळीवर कोबी पुन्हा करकरायला लागला.

तिकडे मँचेस्टरच्या उन्हात ऋतिका उपाशीपोटी, दोन्ही हात पोटावर ठेवून, जराही न हलता बसली होती. नीलमसाठी.