चांगला सीझन

"सप्टेंबरात तिथं वादळं नसतात, तोच सीझन चांगला," असं धाकट्या भावाला पटवून मुकुंदरावांनी घरचा गणपती त्याच्या गळ्यात मारला आणि मॉरिशस गाठलं. खरं म्हणजे यंदा त्यांना आल्यागेल्याचं लचांडच नको होतं.

दुसऱ्या सकाळी, ते उतरले होते त्या घराच्या मालकीणबाई दूर्वांचं तबक घेऊन दारात उभ्या. त्यांचे पणजोबा उसाच्या मळ्यात राबायला कोकणातून इथं आलेले. "चला ना," त्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, "आज गणपती तुम्ही बसवायचा."

खाली शेजारपाजार जमला होता. बाईंचा ऊर भरून आला. "बघा, घरचा गणपती सोडून हे आपल्या गणपतीला आले!"

एक म्हातारी पाया पडायला वाकली. मुकुंदराव शरमून मागे सरकायला गेले, तर पाठीशी भिंत होती.