घरी कोण सांभाळतं?

नर्सरीच्या प्रवेशाची मुलाखत. टेबलावर आठ ठोकळे. साडेतीन वर्षांची शलाका अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजत होती. एका बोटाला तीन पेरं. मेथीच्या जुड्या मोजता मोजता आजीनं, सखूनं, शिकवलेलं. अंगठा सातव्या पेरावर आला न आला, तोच टीचरनं तिची मूठ धरून बोटं सरळ केली.

"नो बेबी! फिंगर्स ओपन. वन, टू..."

पोरगी गडबडली. परत पहिल्या पेरापासून. टीचरनं परत हात उघडला.

मागच्या खुर्चीत नेत्रा, शलाकाची आत्या, धुमसत होती. अगं बाई, दोन सेकंद थांब ना, मोजतेय ती! पण वहिनीनं, शलाकाच्या आईनं, रिक्षातच दम भरलेला, "तिथं तोंड उघडायचं नाय. कुळगावात एवढी एकच सीट उरलीये."

तिसऱ्या वेळी शलाकानं दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले.

"पाचच्या पुढे ब्लँक," टीचरनं फॉर्मवर फुली मारली. "दिवसभर घरी कोण सांभाळतं हिला?"

वहिनी, स्वप्नाली, आनंदनगरच्या कंपनीतून हाफ डे टाकून आलेली. तिनं शेजारी बसलेल्या सासूकडे, सखूकडे, बघितलंसुद्धा नाही.

"बाई ठेवलीये."

नेत्राच्या डोक्यात सणक गेली. बाई? ती 'बाई' हातभर लांब बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून.

तेवढ्यात शलाका पळत जाऊन सखूच्या मांडीत घुसली.

"बघा, कशी चिकटलीये!" टीचर हसली. "मग शिकणार काय ती? मॅडम, बाई बदला. तरच सीट देते."

"बदलते," स्वप्नाली म्हणाली.

नेत्रा ताडकन उठली. "ओ टीचर, ही कोण हाय म्हायतीये..."

सखूनं तिचं मनगट असं आवळलं की बांगडी मांसात रुतली. "खाली बस. पोरीचं नुकसान नको."

टीचरनं फॉर्म पुढे ओढला. वर ठळक अक्षरात शलाकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव.

"दुसरी मिळेपर्यंत घ्यायला हीच येणार ना? गेटवर नाव द्यावं लागतं. काय नाव बाईचं?"

"सखू."

"पुढे? आडनाव?"

सखूनं सुनेकडे बघितलं. सून फरशीकडे बघत होती.

"आडनाव नाय," सखू म्हणाली. "नुसतं सखू लिवा."