ह्यांच्या हातचं पाणी

१९८६ साली होडीवाल्या बाबांनी संशोधक लेकीला खाडीतला चिखल आणि दोन बाटल्या पाणी आणून दिलं. त्याच आठवड्यात ते वारले. चिखलात अनोळखी केशरी जिवाणू निघाला, पण तो फक्त त्याच पाण्यात वाढे. पहिली बाटली संपली, खाडीवर भराव पडला. नवी प्रजाती ठरायला तो जिवंत हवा, म्हणून बाबा गेल्यावर आईनं ठेवून घेतलेली दुसरी बाटली मागायला लेक आली. आईनं बाटली उराशी धरली. “ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय गं.” “बाबांचंच नाव देणार आहे त्याला.” “जंतूला?” आई हसली. “चिखलाचे पाय घरात आणतात म्हणून जन्मभर भांडले मी.” तिनं एक थेंब जिभेवर ठेवला आणि बाटली दिली. त्यातले क्षार तपासून लेकीनं तसंच पाणी बनवलं; बाबांच्या नावाचा जिवाणू त्यात अजून जिवंत आहे. लेक निवृत्त झाली. आई गेली तेव्हा उशाशी लेकीनं परत दिलेली ती रिकामी बाटली होती, तळाशी सुकलेलं मीठ.