बिनआवाजाची बस

सायलेन्सरच्या कारखान्यात जन्म गेला, त्यामुळे सासूबाईंच्या घरात हळू बोलायची रीतच नव्हती. पत्रे वाकवणाऱ्या प्रेसच्या दणक्यावर आवाज चढवायची सवय. मग जेवताना मीठ मागायचं तरी आरोळीच. सून कितीदा सांगून दमली, "आई, विजेच्या गाडीला सायलेन्सर लागत नाही! याच प्रेसवर बॅटरीचे डबे काढू, नाहीतर कारखान्याला कुलूप लागेल!" सासूबाई कानामागे हात धरायच्या. "काय गं? ऐकू नाही आलं."

शेवटी सुनेने त्यांना विजेच्या बसमध्ये नेऊन बसवलं. बस निघाली कधी ते कळलंच नाही. झाडं, दुकानं, माणसं पाण्यावर सोडलेल्या दिव्यांसारखी मागे तरंगत गेली. सासूबाईंनी डोळे मिटले. जन्मभर पत्रे वाकवून जी शांतता त्यांनी चिमूटचिमूट विकली, ती इथे नुसती भरून वाहत होती.

"आई, करायचे का डबे?" सून सवयीने ओरडली. अख्खी बस वळून बघायला लागली.

"हळू बोल गं भवाने," सासूबाई डोळे न उघडता पुटपुटल्या. "तुझं म्हणणं पहिल्या दिवशीच ऐकलं होतं. तुझ्या सासऱ्यांनी हाताने घडवलेला सायलेन्सरचा साचा प्रेसवरून उतरवायचा धीर होत नव्हता. उद्या उतरव. पण आवाज न करता."