एकाच्या पॅरिसात दोघांचं प्राग

“एकाच्या पॅरिसात दोघांचं प्राग बसतंय.” उदयसिंहने कॅल्क्युलेटर कृष्णातपुढे सरकवला. “तेबी वहिनींनी भिशीचे पैसे तिकिटाला घातले तर. दोघांना पॅरिस न्हाय परवडायचं. बघा आता.”

राजारामपुरीतल्या उदयसिंहच्या टूर्सच्या ऑफिसात पंख्याचा आवाज जास्त आणि वारा कमी होता. कृष्णातचे शिरोली एमआयडीसीत तीन लेथ. एप्रिलात जर्मनीत यंत्रांचं मोठं प्रदर्शन होतं, त्याला कारखानदारांचा ग्रुप निघाला होता आणि त्यात कृष्णातने नाव घातलं होतं. प्रदर्शनानंतर चार दिवस मोकळे मिळणार होते. त्या चार दिवसांत स्वस्तात कुठलं एक शहर बघायचं, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

शेजारी त्याची बायको क्रांती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पर्समध्ये पासपोर्टच्या फोटोंचं पाकीट होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघं मिळून लांब म्हणजे आजऱ्यापर्यंत गेले होते, आणि तेही कुणाच्या तरी लग्नाला.

“प्रागच लिवा,” कृष्णात म्हणाला. “दोघांचं.”

क्रांतीने प्रागचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तिला ते एकदम आवडलं.

घराजवळच्या चौकात आल्यावर कृष्णातने स्कूटरचा ब्रेक दाबला. समोर नवाकोरा फ्लेक्सचा डिजिटल बोर्ड लागला होता. मधोमध गॉगल घातलेला कृष्णात, मागे आयफेलचा मनोरा, डोक्यावरून विमान गेलेलं. ‘आमचे मार्गदर्शक कृष्णातदादा यांना पॅरिस दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा!’ खाली शुभेच्छा देणाऱ्यांची अठरा तोंडं ओळीने. कृष्णातने आजवर कुणाला कसलं मार्गदर्शन केलं होतं, हे त्या अठरांपैकी एकालाही सांगता आलं नसतं.

तालीम मंडळाचा मल्लेश हार घेऊन पुढे आला. “दादा, नाद खुळा झालाय का न्हाय?”

“पॅरिस कुणी सांगितलं तुला?”

“तुमीच की! पानपट्टीवर म्हणला न्हवता, गेलो तर पॅरिसलाच जाणार म्हणून?”

म्हणाला होता खरा. महिन्यापूर्वी, चारचौघांत, छाती फुगवून.

या चौकात बोर्डावर जे चढलं ते पक्कं समजायचं. मग ते कुणाचं निवडून येणं असो, नाहीतर कुणाच्या बैलाचा पहिला नंबर. बोर्ड वेळेआधी उतरवला की त्या माणसाचं काहीतरी फिसकटलं, असं अख्खी गल्ली समजायची.

“लई भारी झालाय,” कृष्णात म्हणाला आणि त्याने हारासाठी मान पुढे केली. क्रांती मागच्या सीटवरून उतरली आणि चालत घरी गेली.

जेवताना कृष्णातने विषय काढला. “बोर्ड सगळ्यांनी बघितलाय गं. आता प्राग म्हणलं तर हसत्यात. पॅरिस जमलं न्हाय म्हणून गेला म्हणत्यात.”

“मग?”

“मग काय... बघू.”

हे ‘बघू’ क्रांतीच्या चांगल्या ओळखीचं होतं. गोव्याला जायचं झालं तेव्हा बघू. महाबळेश्वर निघालं तेव्हा बघू. गोवा आणि महाबळेश्वर दोन्ही अजून जागच्या जागी होते आणि क्रांती घरात होती. तिला रडू आलं नाही, राग आला.

“तुमी जावा पॅरिसला,” ती म्हणाली. “मला हितलं कळंब्याचं तळं हाय की. भिशीच्या पैशात मी वॉशिंग मशीन घेते.”

कृष्णात ताटातच हात धुऊन उठला. बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने चपला घातल्या आणि तो घराबाहेर पडला.

क्रांतीने परदेशातल्या थंडीसाठी घेतलेला नवा स्वेटर पिशवीसकट कपाटाच्या तळाशी कोंबला. मग बाहेरच्या खोलीत ठेवलेल्या पर्समधलं पाकीट काढलं. फोटो सहा काढले होते, निघाले पाच. एक उदयसिंहच्या टेबलावर राहिला असेल, असं तिला वाटलं. राहू दे. आता तो लागणार होता कशाला?

सकाळी ती दुधाची किटली घेऊन निघाली. चौकात बोर्डाला शिडी लावलेली होती. वर मल्लेश, खाली शिडी धरून कृष्णात. ‘पॅरिस’वर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर ‘प्राग’ लिहिलं होतं, जरा तिरकंच. गॉगलवाल्या कृष्णातच्या शेजारी आता क्रांती होती. तोच सहावा पासपोर्टचा फोटो, स्टुडिओवाल्याने हसू नका म्हणून बजावलेला, दोन्ही कान उघडे. पण चांगला मोठा, कृष्णातएवढा. खाली नाव होतं, ‘सौ. क्रांतीवहिनी’. मागे आयफेलचा मनोरा तसाच उभा होता.

क्रांती रस्त्यातच थांबली. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं. तिने पदर सावरला, पण बोर्डावरची नजर काढली नाही.

“मनोरा निघंना झालाय, वहिनी!” मल्लेश वरून ओरडला. “तेवढा चालवून घ्या!”

समोरच्या घरातली धोंडुबाई डोळ्यांवर हात धरून बोर्ड वाचत होती. “आन् हे प्राग कुठं आलं रं, कृष्णात? पॅरिसला निघाला हुतास न्हवं?”

क्रांतीने कृष्णातकडे बघितलं. त्याने शिडी दोन्ही हातांनी धरली होती.

“लई लांब हाय, मावशी,” तो म्हणाला. “तितं दोघांनीच जावं लागतंय.”