गुळगुळीत हात

“अहो, हलू नका,” म्हणत बायकोने पट्टी खस्सकन ओढली आणि अस्वल्या स्टुलावरून वीतभर उडाला. बाथरूम अरुंद होती, वॅक्स गरम होतं आणि डावा हात अख्खा बाकी होता. “एवढं ओरडू नका. शेजारी म्हणतील, ही नवऱ्याला बडवते.” बोलली गमतीने, पण हसली नाही. नोकरीचा प्रश्न होता.

अस्वल्या हे नाव बेकरीने ठेवलेलं. मनगटापासून मानेपर्यंत अंगावर नुसतं काळं रान. पीठ मळायच्या मशीनमध्ये बाही अडकते, म्हणून तिथे सगळे बनियनवर एप्रन बांधून उघड्या हातांनी काम करत. मागच्या आठवड्यात कुणा गिऱ्हाइकाच्या ब्रेडमध्ये केस निघाला. सुपरवायझरने सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं, हात पालथे पुढे ठेवायला लावले, आणि केस कुणाचा हे बघायचं सोडून केस कुणाला जास्त हेच बघितलं. “पुन्हा निघाला तर तू घरी,” त्याने अस्वल्याला सुनावलं. बाकीच्यांनी हळूच सुटकेचा श्वास सोडला.

म्हणून हात, छाती, मान, सगळं साफ झालं. अंगभर लाल पुरळ उठलं. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत त्याने शर्ट काढला आणि आगीतून उठून फुफाट्यात पडला.

“अगंबाई, ही पाहुणी कोण?” भट्टीवाला ओरडला. पॅकिंगवाल्याने शिट्टी मारली. एकाने दंडाला चिमटा काढला, दुसऱ्याने छातीवर मूठभर मैदा थापला. “पावडर लावून घे गं, घाम येईल.” दुपारपर्यंत अस्वल्याची ‘वहिनी’ झाली होती. ट्रे मागितला की “वहिनींना द्या रे आधी.” पोतं उचलायला वाकला की “राहू द्या वहिनी, कंबर लचकेल.” अस्वल्याही सगळ्यांबरोबर हसत राहिला. रडका चेहरा केला की त्यांना आणखी चेव येतो, हे त्याला ठाऊक होतं. आतून मात्र तो जळत होता. केस होते म्हणून शिव्या, नाहीत म्हणूनही शिव्या. माणसाने करावं तरी काय?

पीठ मळणारे काका तेवढे हसले नाहीत. अस्वल्याला हे काम त्यांनीच हाताला धरून शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्याला मशीनच्या मागे बोलावलं आणि तेलाची छोटी बाटली हातात दिली.

“चोळ जरा. आग कमी होईल. आणि त्या माकडांकडे बघू नकोस. पोटासाठी माणसं काय काय करतात, तू नुसते केस काढलेस.”

अस्वल्याला एकदम भरून आलं. सकाळपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याशी माणसासारखं बोललं होतं.

दोन दिवसांनी पुन्हा केस निघाला.

सुपरवायझरने तो पांढऱ्या कागदावर ठेवून टेबलाच्या मधोमध मांडला. जाड, काळा, कुरळा. अस्वल्याने तो लांबूनच ओळखला. पण अंगावर तर एकही उरला नव्हता! मग त्याची नजर स्वतःच्या खांद्याकडे गेली. बनियन जुनंच होतं. अंग सोलून काढलं, पण बनियनच्या विणीत वर्षानुवर्षं रुतून बसलेले केस काढायचं ना त्याला सुचलं होतं ना बायकोला. खांद्याच्या शिवणीतून एक केस अर्धा बाहेर लोंबत होता. हात टेबलावर ठेवलेले, सुपरवायझर रांगेच्या त्या टोकाकडून एकेकाला तपासत येत होता. आता हात उचलला असता तर सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळल्या असत्या.

शेजारी, रांगेच्या शेवटी काका उभे होते. त्यांनाही तो केस दिसला. सुपरवायझर एकाच्या हातांवर वाकला, सगळ्यांचे डोळे तिकडे गेले, तेवढ्यात त्यांनी हात उचलला. अस्वल्याच्या खांद्यावरचं पीठ झटकल्यासारखं केलं, चिमटीने केस ओढून घेतला आणि मूठ मिटून हात पुन्हा टेबलावर ठेवला. कुणाला काही कळलं नाही.

सुपरवायझर अस्वल्यासमोर थांबला. त्याचे हात उलटेपालटे करून बघितले. “तुझे साफ आहेत,” तो म्हणाला, आणि जरा हिरमुसलाच.

“वहिनी सुटल्या!” मागून कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली.

“दात काढू नका!” सुपरवायझर कडाडला. “आज एक जण जाणार म्हणजे जाणार. मालकांचा तसा हुकूमच आहे. केस कुणाचा ते आत्ता सांगा. कुणीच तोंड उघडलं नाही, तर मागच्या तक्रारीचा धनी आहेच. हात साफ असोत नाहीतर घाण.”

हसू थांबलं. सगळे अस्वल्याकडे बघायला लागले. कुणाच्याच नजरेत दया नव्हती, आपण वाचलो एवढाच आनंद होता. काका मात्र समोरच बघत होते. त्यांनी आपलं कोपर अस्वल्याच्या कोपराला हळूच टेकवलं. गप्प राहा, निभावून जाईल.

अस्वल्याने आपलं कोपर बाजूला घेतलं.

“काकांची मूठ उघडून बघा,” तो म्हणाला.